पान वाढणाऱ्या टीचरमामी

दुपारी जेवणं आवरून पंख्याखाली आडवी झाले, की डोळा लागायच्या जरासं आधी टीचरमामी येतात. दारातून येत नाहीत, पंख्याच्या घरघरीतून येतात. आधी मोगऱ्याचा वास, मग रबरी तळव्यांची चुर्रचुर्र, मग त्या स्वतः. अंगावर बारीक काठाची सुती साडी, पायांत मुलं पीटीच्या तासाला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गजऱ्यात खोचलेली पेन्सिल. वाकून माझ्याकडं बघतात आणि विचारतात, "सातारकरीण, निजलीस काय?" मी म्हणते, "नाही हो," आणि तेवढ्यात खरंच झोपते.

नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, तुला भूत दिसतं?"

म्हटलं, "भूत कसलं, माझ्या हेडबाई होत्या त्या."

तेही अर्धं खोटंच. त्या काळी मी त्यांना माझी हेड मानायला तयारच नव्हते. मी म्हणजे कोण? एम.ए. मराठी, वर बी.एड. साताऱ्याला शुद्धलेखनाच्या स्पर्धांची परीक्षक. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेली दुकानाची पाटी दिसली, की आत जाऊन दुकानदाराला सांगून येणारी. नवऱ्याची बँकेतून चेन्नईला बदली झाली, तेव्हा सगळ्या मैत्रिणी विचारत होत्या, तिकडं जाऊन करणार काय? मी मनात म्हणत होते, मराठी वाचवीन. मराठीनं काही मला बोलावणं पाठवलं नव्हतं. पण चाळिशीतल्या बाईला बोलावण्याची वाट बघायला वेळ कुठं असतो?

दोन हजार तीन-चार साल असेल. नुंगंबाक्कमला बँकेच्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहायचो, आणि दोन गल्ल्या टाकून मराठी मंडळींचा एक बुटका हॉल होता. रविवारी सकाळी तिथं मुलांसाठी मराठीचा वर्ग भरायचा. रेल्वेतल्यांची मुलं, बँकेतल्यांची, अवडीच्या कारखान्यातल्यांची, तांबरमच्या हवाई दलातल्यांची. घरी आई मराठीत रागवायची, मुलं तमिळमध्ये उत्तर द्यायची आणि आपापसात इंग्रजीत भांडायची. म्हटलं, आलीच माझी गरज.

गेले तर वर्गावर आधीच टीचरमामी होत्या. तिकडं वयस्क बाईला सगळेच मामी म्हणतात. आणि ह्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून टीचरमामी. त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. कितीएक पिढ्यांमागं त्यांचे पूर्वज तिकडं गेले ते गेले, भाषा मात्र बरोबर घेऊन गेले आणि तिच्यावर तमिळचा हेल चढवून बसले. मामी बोलायला लागल्या, की वाटायचं जुन्या दप्तरातला एखादा कागद अंगणात गाणं म्हणतोय. "बैसावें", "देखिलें", "ऐतवारीं यावें", आणि मध्येच "सेरी", म्हणजे "बरं". मला ते ऐकून झोप यायची. चांगल्या अर्थानं. समुद्राकडनं वारा सुटावा तसं ते बोलणं अंगावरून जायचं. पण परीक्षक जागी झाली, की मी मनातल्या मनात त्यांची वाक्यं दुरुस्त करायला घ्यायचे.

पहिल्या दिवशी मी बाराखडीचा तक्ता गुंडाळून काखेत मारून गेले. हॉलमध्ये मुलं जमिनीवर रांगेनं, पंगतीला बसावीत तशी बसलेली. प्रत्येकापुढं खाकी कागदाचं, केळीच्या पानाच्या आकारात कापलेलं मोठं पान.

"आज जेवण आहे का?" मी विचारलं.

"आहे कीं. बैस. तूंही पान घे."

आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली. निबंध कसा लिहायचा तेच. पण त्या निबंध म्हणत नसत. त्या म्हणत, पान वाढणें. पानाच्या डाव्या टोकाला मीठ. मीठ म्हणजे हाताला लागेल अशी खरीखुरी एक वस्तू. त्याच्या खाली चटणी, कोशिंबीर. ते म्हणजे आवाज. आवाज कसा आणायचा? त्यांच्याकडं एक जुना टेपरेकॉर्डर होता. मुलांनी घरच्या घरी कॅसेटवर आवाज भरून आणायचा. ज्यांच्याकडं टेप नाही त्यांनी तोंडानं काढायचा. उजव्या बाजूला भाजी, म्हणजे चित्र. आणि हे सगळं जागच्या जागी वाढून झालं, की मधोमध भात.

"भात म्हणजे?"

"शब्द," मामी म्हणाल्या. "नुसता भात कोण खाईल? ताप आलेलें लेंकरूं."

मला ते सहन होईना. मी म्हटलं, "मामी, आमच्याकडं भात आधी. वरणभातानं जेवण सुरू होतं."

"खावयास सुरू होतें. वाढावयास नव्हे. मीठ आधीं वाढितात कीं नाहीं तुम्ही?"

वाढतात. आमच्या सासूबाई तर मीठ विसरलं म्हणून आख्खं पान परत घ्यायच्या. मी तक्ता उलगडलाच नाही. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "ती बाई मराठीच्या नावाखाली स्वयंपाक शिकवते." तो पेपरमधून मान वर न करता म्हणाला, "मग शिकून घे."

हल्ली नातीच्या शाळेत हेच शिकवतात. चित्र, आवाज, हालचाल, लिखाण, सगळं मिळून एक गोष्ट सांगायची. त्याला मल्टिमोडल की काहीसं म्हणतात, आणि बाईंकडे मोठा टचस्क्रीन असतो. नात मला समजावून सांगत होती, अगदी हळूहळू, आजीला झेपेल अशा बेतानं. मी तोंड उघडं ठेवून ऐकलं. मग म्हटलं, "आणि मीठ कुठं वाढता?" तिला वाटलं आजीला कळलंच नाही.

मामींचं स्वतःचं वागणंही तसंच. फोनवर बोलताना हात हलवून आकार दाखवायच्या, "एवढा नव्हे, एवढा!", पलीकडच्याला दिसत असल्यासारखा. दूधवाल्याला चिठ्ठी लिहायची झाली तर भांड्याचं चित्र काढून कुठपर्यंत भरायचं तिथं रेघ मारायच्या. एकदा मी तापानं पडले होते. मामींनी कुणाबरोबर तरी एक कार्ड पाठवलं. डाव्या कोपऱ्यात कढीलिंबाचं पान चिकटवलेलं. उजवीकडं वाफाळणारं पातेलं काढलेलं. खाली तोंडानं काढायचा आवाज लिहिलेला, "सुर्रर्र". मधली जागा कोरी. मला वाटलं, म्हातारी लिहायचं विसरली. संध्याकाळी डबाभर रसम आलं. बरी झाल्यावर विचारलं, "मामी, मध्ये काहीच कसं लिहिलं नाही?"

"भात तुझ्या घरीं असेलच म्हणिलें."

तर अशा या बाई. वर्गात माझं काम काय होतं? शुद्धलेखन तपासायचं. तेही पेन्सिलीनं. लाल पेन त्यांनी पहिल्याच दिवशी काढून घेतलं. "लाल नक्को, बाई. पानांत लाल म्हणजे लोणचें. इतकें लोणचें वाढलेंस तर लेंकरांचें तोंड पोळेल."

एकदा सगळ्या मुलांना घेऊन त्या नुंगंबाक्कम स्टेशनवर गेल्या. गाडी पकडायला नाही, ऐकायला. सगळ्यांना बाकावर बसवलं, डोळे मिटा म्हणाल्या, दोन्ही तळवे बाकावर टेका म्हणाल्या. मीही मिटले, इकडंतिकडं कोणी ओळखीचं नाही ना ते बघून. ऊन मऊ होतं. कुठून तरी इडलीचा, कुठून ओल्या भिंतीचा वास. मग तळव्याखाली बाक हळूच कुरकुरला, गाडी यायच्या आधीच. जणू कुणीतरी लांबून आपलं नाव घ्यायला सुरुवात केली आहे आणि अजून पहिलंच अक्षर उमटलंय. मी आयुष्यभर गाड्यांनी प्रवास केला, पण येणारी गाडी हातांनी ऐकली ती तेवढीच.

परत येऊन एका मुलीनं लिहिलं, "गाडी आधी हातात आली मग डोळ्यात आली." मी म्हटलं, स्वल्पविराम राहिला. मामींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं बघून आई दुधाचं पातेलं मांजरापासून सरकवते.

दुधावरून आठवलं. एक मुलगा, घरी आजी तमिळ, त्यानं लिहून आणलं: "आजी रोज सकाळी पाल उकळते." मी हादरले. मुलाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाळ, पाल? भिंतीवरची?" तो म्हणाला, "भिंतीवर कशाला आंटी? गॅसवर." आणि त्याच्या पानावर उजव्या बाजूला स्वच्छ चित्र होतं: पातेलं, उतू जाणारा फेस, आणि पाकीट. तमिळमध्ये दुधाला पाल म्हणतात हे तेव्हा कळलं. मामी हसून हसून भिंतीला टेकल्या. "पाहा, सातारकरीण, नुसता भात पाहिलास. भाजीकडे पाहिलें नाहींस." त्या दिवसापासून मी या असल्या खड्ड्यांबद्दल फार सावध झाले. म्हणजे मला तसं वाटत होतं.

मंडळाचे अध्यक्ष रेल्वेतून निवृत्त झालेले, कमरेला नवाकोरा मोबाइल लावणारे गृहस्थ. एका रविवारी वर्ग सुटल्यावर ते आले. मुलांचे बूट ओलांडत आत येऊन म्हणाले, "मामी, पालकांच्या तक्रारी आहेत. मुलं इथं येतात, कागद चिकटवतात, टेप वाजवतात, बाटल्यांची झाकणं आणतात. लिहितात किती? एक ओळ!"

"बरी ओळ लिहितात," मामी म्हणाल्या.

"चार ओळी शुद्ध मराठी यायला नको? महिनाअखेर पालकांना बोलावतो. काय शिकवलंत ते दाखवा. त्यांचं समाधान झालं तर ठीक. नाहीतर..." ते माझ्याकडं वळले. "या बाई आहेतच. एम.ए."

मी विनयानं मान खाली घातली. ती घालायचा सराव मी आठवडाभर करत होते.

त्या दिवशी मामींना सोडायला स्टेशनपर्यंत गेले. त्या तांबरमला राहायच्या.  वाटेत त्या आपणहून बोलायला लागल्या.

"घरीं सून तमिळ बोलते. बरी आहे, हो, गुणाची आहे. नातवंडें इंग्लीश. मुलगा कोणत्याच भाषेंत बोलत नाहीं. यजमान होते तोंवर दोघें बोलत होतों. आतां ऐतवारींच माझें मराठी हवा खातें. वर्गांत तोंड उघडतें ना, तेव्हां मला माझ्या आईचा आवाज ऐकूं येतो. माझ्याच तोंडून."

"आणि वर्ग गेला तर?"

"तर काय. मनांत बोलेन." जरा थांबून म्हणाल्या, "पण मनांतलें बोलणें हळूहळू तमिळ होऊं लागतें, बाई. मला कळतें तें. परवां स्वप्नांत आई आली ती तमिळ बोलत होती. तिला तमिळ नीट येतही नव्हतें."

गाडी आली, त्या बायकांच्या डब्यात चढल्या, खिडकीतून हातानं "जा" म्हणाल्या. मला गलबलून आलं. आणि खरं सांगू? गलबलता गलबलता मी हाही विचार करत होते, की फळा कोणत्या भिंतीला लावावा. चाळिशीत माणसाच्या मनात दोन-तीन बाया एकदम राहतात, आणि त्यातली एक तरी फर्निचर हलवत असते.

मामींबरोबर तांबरमहून एक मुलगी यायची. जुई. वडील हवाई दलात, माणसं मूळची नाशिककडची. शाळा सुरू झाली तेव्हा चांगली बडबडी होती. "घरातला एक आवाज आणा" म्हटल्यावर पहिली कॅसेट हिचीच. मग काही रविवार आलीच नाही, आणि आली ती मिटलेलीच. पानाला मीठ आणायची, आवाज आणायची, चित्र काढायची. मधली जागा कोरी. मी दोनदा म्हटलं, "अगं, लिही की एखादं वाक्य." मामी म्हणाल्या, "शिजतो आहे भात. झांकण काढूं नकोस."

पालकांच्या कार्यक्रमाआधीच्या रविवारी मधल्या ओळी वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून माझ्याकडं तपासायला आल्या. जुईची चिठ्ठी बघितली आणि मी खुर्चीतून उठलेच. गोल, नीटस अक्षरात तिनं लिहिलं होतं:

"आईने मला तंबी दिली नाही."

कर्ता बरोबर, विभक्ती बरोबर, क्रियापदाचं लिंग बरोबर. आणि वर वाक्प्रचार! तंबी देणं! साताऱ्याच्या मुलांना जे जमत नव्हतं ते तांबरमच्या मुलीनं केलं. मी चिठ्ठीवर "उत्तम!" लिहिलं आणि मामींपुढं नाचवली. "बघा! हे माझ्या तपासण्याचं फळ!"

मामींनी ओळ वाचली. माझा शेरा वाचला. "उत्तम?" म्हणाल्या. "सेरी." आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग जुईजवळ बसून तिच्या कानाशी काहीतरी विचारलं. जुईनं जोरात मान हलवली, होय म्हणून. मी म्हटलं, म्हातारीला माझं यश बघवत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये पानांच्या दोन लांब रांगा मांडल्या होत्या. खिडक्या उघड्या, कागदी पानांच्या कडा वाऱ्यानं जरा जरा उचलत होत्या, जणू झोपेत श्वास घेत होत्या. मामींचा नियम एकच: पान उचलायचं नाही. त्याच्यापुढं बसायचं, आणि मीठ, आवाज, चित्र, शब्द असं क्रमानं घ्यायचं. टेपरेकॉर्डर घेऊन त्या पानापानाशी जात होत्या. काही आया बसल्या, काही वडील नुसतेच वाकले. दोन-तीन जण घड्याळ बघत होते. मागं भिंतीशी जुईची आई उभी होती, शांत, वाळलेली, हातात रिकामी पिशवी.

अध्यक्ष रांगेवरून चालत होते, सैन्याची पाहणी करावी तसे. चेहरा काही खुलत नव्हता. मला वाटलं, आता आपणच मराठीची बाजू सावरावी. मी त्यांना सरळ जुईच्या पानाशी नेलं. "हे बघा. एक अक्षर चुकलेलं नाही."

खाली बसायचं म्हणजे त्यांच्या गुडघ्यांचा प्रश्न. त्यांनी वाकून मधली चिठ्ठी तेवढी उचलली आणि सभेला ऐकवावं तसं मोठ्यानं वाचलं. "आईने मला तंबी दिली नाही! वा वा! म्हणजे गुणी मुलगी दिसते! आई कुठं आहेत हिच्या? अहो वहिनी, असं चालायचं नाही, अधूनमधून तंबी द्यायला हवी!"

हॉल हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी. पण हसणं अर्ध्या हॉलचंच होतं. आम्ही महाराष्ट्रातून आलेले हसत होतो, आणि तिथंच जन्मलेले, वाढलेले एकदम गप्प झाले होते. दुसऱ्या रांगेतली, स्टेशनच्या गाडीची ओळ लिहिणारी मुलगी म्हणाली, "अंकल, तंबी म्हंजे छोटा भाऊ."

बाकीचं मला नंतर मामींकडून कळलं.

जुईच्या घराशेजारच्या तमिळ मामी तिच्या आईच्या पोटाकडं बोट करून तिला रोज सांगायच्या, तुझा तंबी येणार, तंबी येणार. म्हणून येणाऱ्या भावासाठी जुईकडं तोच एक शब्द होता. तो आला, पण राहिला नाही. घरात त्यानंतर कुणी त्याचं नावही काढलं नव्हतं. आणि तिला लिहायचं होतं "दिला नाही", भाऊ दिला नाही. लिंग चुकून "दिली" लिहिलं, आणि त्या चुकीमुळं माझ्या लेखी वाक्य शुद्ध झालं.

मामी रागावल्या नाहीत. हलकेच म्हणाल्या, "भात जागेवर ठेवा."

अध्यक्षांनी चिठ्ठी ठेवली.

"आतां बसा."

आणि ते बसले. आधी एक हात टेकून, मग दुसरा, मग धप्पकन. मीही बसले. मामींनी डाव्या टोकाकडं बोट केलं. तिथं काचेची हिरवी बांगडी शिवलेली होती. सातव्या महिन्यात शेजारणींनी मिळून जुईच्या आईला हातभर बांगड्या भरल्या होत्या, तिकडची रीत, त्यातली. मग मामींनी टेप लावला. स्वयंपाकघर. नळ, विळी, कुणीतरी गुणगुणतंय, आणि त्या सगळ्यावरून बांगड्यांचा किणकिणाट, पाऊल टाकलं की किणकिण, पातेलं ठेवलं की किणकिण. शाळा सुरू झाली तेव्हाची ती पहिली कॅसेट. मग खट्ट असा आवाज आणि पुन्हा तेच स्वयंपाकघर. नळ. विळी. कुकरची शिट्टी. बांगड्या नाहीत. गुणगुणणं नाही. किती वेळ नाही, नाही, नाहीच.

उजवीकडं चित्र होतं. आई, बाबा, जुई, आणि आईच्या मांडीवर एक पांढरा आकार. भोवतालची सगळी जागा खडूनं घट्ट रंगवलेली, तेवढाच कोरा. रंगवायचा राहिला नव्हता. राखून ठेवलेला होता.

मागून पावलं आली. जुईची आई येऊन पानापुढं मांडी घालून बसली. पदर नीट केला, जेवायला बसताना करतात तसा. बांगडीला हात लावला. मग त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"हे मला का नाही दाखवलंस, जुई?"

"तू घरी कायच बोलत नाहीस," जुई म्हणाली. ती मिटून गेल्यापासून वर्गात तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "मग मी कुणाला सांगू? मामीला सांगितलं. मामीला तंबी म्हंजे कळतं."

तिच्या आईनं बोट काढून घेतलं. मला वाटलं, आता उठेल, मुलीचा हात धरून निघून जाईल, आणि वर्ग बंद होईल तो असा. मामींनाही तेच वाटत असावं. त्यांनी टेप उचलून काखेत घेतला होता.

"पेन्सिल दे," आई जुईला म्हणाली.

आणि त्या कोऱ्या जागेत तिनं लिहिलं. कुणालाही न सांगता मनात ठरवलेलं, तीन अक्षरांचं नाव. सोहम.

मामींनी वाचलं. मान वर केली आणि रोजच्या आवाजात मुलांना म्हणाल्या, "वाचा रे."

सगळी मुलं वाचायला पुढं सरकली आणि एका सुरात, त्यांच्या त्या तमिळ हेलात, शेवटी लांबवत म्हणाली, "सोऽहऽम्." जुईची आई ऐकत होती. डोळे मिटून, दोन्ही तळवे जमिनीवर टेकून. हात उचलले तेव्हा पहिल्यांदा रडली. फार मोठ्यानं नाही. बाकीच्या आया एकेक करून येऊन तिच्या आजूबाजूला बसल्या. पंगत आपोआपच धरली गेली.

डोळे पुसून तिनं विचारलं, कुणालाच असं नाही, हॉललाच: "पुढच्या रविवारी वर्ग किती वाजता असतो? मला येऊन बसता येईल?"

सगळ्यांनी अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्षांनी घसा साफ केला. ते माझ्याकडं वळलेच नाहीत. "वर्ग नेहमीच्याच वेळेला," म्हणाले. "मामींचाच."

"दहा वाजतां," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा फाटला, म्हणून खाकरून पुन्हा म्हणाल्या, "दहा वाजतां. उशीर नक्को. पानें एकदांच मांडितों आम्ही."

आम्ही, म्हणाल्या.

मग पालक उठले, चहा आला, पानांच्या कडांवर कप ठेवू नका म्हणून मुलं ओरडायला लागली. अध्यक्ष मात्र बसूनच होते. मला वाटलं, बिचारे गहिवरले. तसं काही नव्हतं. गुडघे धरले होते. त्यांना उठवायला एका बाजूनं मामींनी हात दिला आणि दुसऱ्या बाजूनं मी.